मतांना मज्जाव: मुंबईची उपनगरे, नभोवाणी आणि उजवे राजकीय भाष्य

भारतीय नभोवाणीच्या इतिहासात मुंबईच्या पश्चिम उपनगरांना मानाचे स्थान आहे. मालाडच्या मालवणी-मार्वे पट्ट्यात आकाशवाणीचे मध्यमलहरी प्रक्षेपण केंद्र आहे, तर बोरिवलीच्या गोराई भागात विविध भारतीचे मुख्यालय आहे. १९८९ पासून १९९९ पर्यंत सलग पाच लोकसभा निवडणुकांत राम नाईक यांना निवडून देणारा उत्तर मुंबई मतदारसंघ याच पट्ट्यातला होता. घाटकोपर-मुलुंडच्या बाजूने ईशान्य मुंबईने १९८९ मध्ये जयवंतीबेन मेहता, १९९६ मध्ये प्रमोद महाजन आणि १९९९ मध्ये किरीट सोमय्या यांना लोकसभेत पाठवले. कर कमी असावेत, सरकारने व्यापारउदिमात लुडबूड करू नये, परंपरेचा आदर राखावा आणि राष्ट्राच्या संरक्षणात हयगय नसावी, या विचारांना सामान्यतः उजवे विचार म्हणतात आणि या उपनगरांतल्या दुकानदार, नोकरदार व छोट्या कारखानदारांच्या वर्गात त्यांना दीर्घकाळ पाठबळ मिळत आले आहे. प्रक्षेपणाची साधने आणि हे मत एकाच लोकलच्या मार्गावर नांदत असूनही, रोज ठरावीक वेळी निवेदकाने अर्थकारणावर व सरकारच्या धोरणावर उजव्या बाजूने रोखठोक बोलावे आणि श्रोत्यांनी दूरध्वनी करून त्याच्याशी वाद घालावा, असा कार्यक्रम मुंबईच्या परवानाधारक खासगी वाहिन्यांवर होऊ शकलेला नाही. त्याचे कारण श्रोत्यांच्या अनास्थेत शोधण्याचे प्रयोजन नाही. हे कारण कायद्यात आहे, आणि म्हणून हा परिचय मुख्यतः एका नियमाचा आहे.

मालाडच्या केंद्राची रचना समजून घेतली, की या नियमामागचा मूळ युक्तिवादही समजतो. मध्यमलहरींच्या प्रक्षेपणात उभा मनोरा हाच आकाशक असतो, म्हणजे त्याच्यावर वेगळी तार ताणावी लागत नाही, सबंध लोखंडी सांगाडाच विद्युतचुंबकीय लहरी फेकतो. आकाशवाणीच्या अस्मिता वाहिनीची वारंवारता ५५८ किलोहर्ट्झ असल्याने तिच्या लहरीची लांबी सुमारे ५३८ मीटर भरते आणि अशा लहरीसाठी पाव लांबीचा मनोरा उभारायचा झाल्यास तो सुमारे १३४ मीटर उंच असावा लागतो. या लहरी जमिनीला धरून प्रवास करतात, त्यामुळे मनोऱ्याच्या पायथ्याशी जमिनीखाली तारांचे जाळे पुरलेले असते, आणि खाडीकाठची ओलसर, खारट जमीन वीज चांगली वाहून नेत असल्याने अशा केंद्राला ती फार सोयीची ठरते. एवढा पसारा, एवढी मोकळी जागा आणि शेजारच्या केंद्राच्या लहरींशी टक्कर टाळण्याचे बंधन, यांमुळे एका शहरात मोजकीच केंद्रे चालू शकतात. लहरी थोड्या आहेत, म्हणून त्या कोणाच्या हाती द्यायच्या हे सरकारने ठरवावे, हा विचार जगभर रूढ झाला तो या तांत्रिक टंचाईतून.

भारतात त्याला कायद्याचा आधार त्याआधीच तयार होता. १८८५ च्या तार अधिनियमाने संदेशवहनाचा अनन्य हक्क सरकारकडे ठेवला होता. २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले ते या हक्काखाली मिळालेल्या परवान्यावर. ती खासगी कंपनी तीन वर्षांच्या आत बुडाली, सरकारने नभोवाणी ताब्यात घेतली आणि १९३६ मध्ये तिला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. परकीय सत्तेने विरोधी मत हवेत जाऊ दिले नाही, यात नवल नव्हते. १९४२ मध्ये उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जागा बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला आणि नोव्हेंबरमध्ये त्यांना अटक झाली. खरा प्रश्न स्वातंत्र्यानंतरचा आहे, कारण १८८५ चा हक्क लोकनियुक्त सरकारांनी जसाच्या तसा जपला. बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना चित्रपटसंगीतावर जी बंधने आली, त्यांची भरपाई करण्यासाठी आणि रेडिओ सिलोनकडे गेलेला श्रोता परत आणण्यासाठी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. श्रोता दुरावला तेव्हा त्याला गाणी परत मिळाली. राजकीय मतभेद ऐकण्याची सोय मात्र झाली नाही. चंदा समितीने १९६६ मध्ये नभोवाणी स्वायत्त महामंडळाकडे देण्याची शिफारस केली, लालकृष्ण अडवाणी मंत्री असताना नेमलेल्या वर्गीज समितीने १९७८ मध्ये स्वतंत्र विश्वस्त संस्था सुचवली, आणि प्रसार भारतीचा कायदा १९९० मध्ये संमत होऊन प्रत्यक्षात यायला १९९७ उजाडले.

अमेरिकेत याच टंचाईच्या युक्तिवादाने वेगळे वळण घेतले. तेथील संघीय दळणवळण आयोगाने १९४९ मध्ये समन्यायाचा दंडक घालून दिला होता: परवानाधारक केंद्राने सार्वजनिक महत्त्वाच्या वादग्रस्त विषयांना वेळ द्यावा आणि त्यांतील विरोधी मतांनाही स्थान द्यावे. १९८७ मध्ये हा दंडक रद्द झाला आणि पुढच्याच वर्षी रश लिंबॉ यांचा कार्यक्रम देशभर प्रक्षेपित होऊ लागला. संगीताचे श्रोते एफएमकडे वळल्याने मध्यमलहरींच्या केंद्रांवर वेळ रिकामा पडला होता. तो रोज तीन तास चालणाऱ्या एकट्या निवेदकाच्या उजव्या भाष्याने भरून निघाला, आणि या प्रकाराला तिथे राजकीय वजन आले. एकाच टंचाईपोटी अमेरिकेने आधी दोन्ही बाजू ऐकवण्याची सक्ती केली व नंतर ती उठवली; भारताने मात्र बाजू मांडण्याचे कामच स्वतःकडे ठेवले. लिंबॉ यांच्या परंपरेतला एकांगीपणा आणि प्रतिपक्षाची टवाळी स्पृहणीय नाही, तरीही त्या दोषावरचा उपाय दुसऱ्या बाजूलाही ध्वनिक्षेपक देणे हा आहे, सर्वांचाच ध्वनिक्षेपक काढून घेणे हा नव्हे.

मग स्वातंत्र्योत्तर मुंबईतले हे भाष्य गेले कुठे? आर्थिक भाष्यापुरते उत्तर स्पष्ट आहे. उद्योगपतींनी मांडलेल्या मुंबई योजनेच्या स्वाक्षरीकारांपैकी एक असलेले ए. डी. श्रॉफ यांनी १९५६ मध्ये फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज ही संस्था स्थापन केली. राज्यसंस्थेने उद्योग चालवण्यापेक्षा उद्योगाला मोकळीक द्यावी, हे मत व्याख्यानांतून आणि स्वस्त पुस्तिकांतून लोकांपर्यंत नेणे हा तिचा उद्देश होता. या संस्थेच्या वतीने प्राप्तिकर कायद्याचे भाष्यकार नानी पालखीवाला यांनी १९५८ मध्ये ग्रीन्स हॉटेलच्या दिवाणखान्यात केंद्रीय अर्थसंकल्पावर व्याख्यान दिले. श्रोते वाढत गेले तशा जागा बदलाव्या लागल्या आणि अखेर चर्चगेट स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावरचे ब्रेबर्न स्टेडियम या व्याख्यानाचे ठिकाण ठरले. १९९४ पर्यंत हा परिपाठ चालला. पालखीवाला हाती टिपण न घेता बोलत, आकडे तोंडपाठ सांगत, आणि कराच्या एखाद्या कलमाचा पगारदाराच्या खिशाशी काय संबंध आहे हे उलगडून दाखवीत. १९७३-७४ मध्ये सर्वोच्च उत्पन्नावरील प्राप्तिकर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांवर गेला होता. अशा काळात या करराजवटीविरुद्ध तर्कशुद्ध युक्तिवाद ऐकायला माणसे क्रिकेटच्या मैदानात दाटी करीत, आणि अर्थसंकल्पाच्या त्याच दिवसांत आकाशवाणीच्या लहरींवर त्या युक्तिवादाला तोडीचे स्थान नव्हते. हजारो लोकांना एका मैदानात जमवण्याची गरज पडावी, हीच त्या काळच्या नभोवाणीवरची सर्वांत बोलकी टीका आहे. जो माणूस मुलुंडहून किंवा बोरिवलीहून संध्याकाळी दक्षिण मुंबईत येऊ शकत नव्हता, त्याच्यापर्यंत ते बोलणे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून किंवा पुस्तिकेतूनच पोहोचत असे, आणि बोलण्यातला आवेश छापील मजकुरात अर्धा उरतो.

पक्षीय भाष्याने स्वतःची वेगळी साधने घडवली. १९६० मध्ये सुरू झालेले ‘मार्मिक’, १९८८ मध्ये निघालेला ‘सामना’ आणि शिवसेनेच्या शाखांबाहेरचे फळे यांतून बाळासाहेब ठाकरे यांची भूमिका गल्लीबोळापर्यंत गेली. शाखेच्या दाराशी खडूने लिहिलेला फळा स्थानकाकडे धावणाऱ्या माणसाला चार ओळींत ताजी भूमिका सांगत असे, आणि उत्तर द्यायची सोय त्याच्यात नव्हती. संथ, सविस्तर आणि शेवटी प्रश्नोत्तरे होणारे भाष्य उपनगरांत टिकले ते व्याख्यानमालांत. १९२३ मध्ये स्थापन झालेला पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ आणि मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ या संस्थांनी वक्त्याला तासभर ऐकून घेण्याची आणि नंतर उठून त्याला अडचणीचा प्रश्न विचारण्याची सवय जपली. मराठी श्रोत्याला राजकीय भाषणाची आवड आहे आणि नभोवाणीला नेमका असाच श्रोता हवा असतो, हे या संस्थांकडे पाहिले की वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

कायद्याची कोंडी ९ फेब्रुवारी १९९५ रोजी फुटायला हवी होती. हिरो चषकाच्या सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्यासह सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगून त्यांवरील सरकारी मक्तेदारी अमान्य केली. १९९९ च्या धोरणानुसार खासगी एफएमचे लिलाव झाले, त्यांत मुंबईची बोली वर्षाला ९.७५ कोटी रुपयांपर्यंत चढली, आणि परवान्यात अट राहिली की बातम्या व चालू घडामोडींचे कार्यक्रम करता येणार नाहीत. दूरचित्रवाणीच्या खासगी वाहिन्या त्याच काळात चोवीस तास राजकारण बोलू लागल्या होत्या. मुक्त बाजारपेठेची भाषा बोलणारे सरकार तेव्हा केंद्रात होते आणि ईशान्य मुंबईचे माजी खासदार प्रमोद महाजन यांनी १९९८-९९ मध्ये माहिती व नभोवाणी खातेही सांभाळले होते. तरीही बाजारपेठ गाण्यांपुरती खुली झाली, मतांपुरती नाही. पुढे आलेल्या प्रत्येक पक्षाच्या सरकारने ही अट कायम ठेवली. इतक्या खासगी केंद्रांवरील मजकुरावर देखरेख ठेवणे अवघड असून त्यातून सुरक्षिततेला बाधा येऊ शकते, अशी सरकारची बाजू आहे. पण ज्या देशात दूरचित्रवाणीवर आणि भ्रमणध्वनीवर कोणतेही मत क्षणात पसरते, तिथे केवळ एफएमवरचा आवाज धोकादायक मानण्याला पटण्याजोगा आधार उरत नाही. कॉमन कॉज या संस्थेने २०१३ मध्ये याच विसंगतीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली.

२५ जुलै २०११ च्या खासगी एफएमच्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने थोडी मोकळीक दिली. आकाशवाणीची बातमीपत्रे एका शब्दाचाही फरक न करता पुन्हा प्रक्षेपित करण्यास परवानगी मिळाली आणि खेळांची माहिती, वाहतूक, हवामान, सांस्कृतिक कार्यक्रम, परीक्षांचे निकाल, प्रवेश, नोकरीच्या संधी व स्थानिक प्रशासनाने दिलेल्या वीज-पाण्याच्या सूचना हे विषय बातमी मानले जाणार नाहीत, असे ठरले. व्यवहारात याचा अर्थ असा, की घाटकोपर-अंधेरी रस्त्यावरची कोंडी निवेदक सांगू शकतो, पण त्या रस्त्याच्या कंत्राटावर आणि त्यासाठी गोळा होणाऱ्या करावर श्रोत्यांशी चर्चा करू लागला, तर तो परवान्याच्या हद्दीबाहेर जातो. अंधेरीत पाणी कधी येणार नाही हे सांगणे वैध, आणि पाणीपट्टी वाढवण्याचे धोरण बरोबर की चूक हा वाद अवैध. अशा चौकटीत मत गाण्याचा वेष घेते: २०१७ च्या पावसाळ्यात रेडिओ जॉकी मलिष्का यांनी महापालिकेच्या कारभारावर रचलेले विडंबनगीत गाजले आणि महापालिकेतील सत्ताधारी पक्षाने त्यावर तीव्र आक्षेप घेतला. गाण्यात रोष मावला. खड्ड्यांवर किती खर्च होतो, निविदा कशा निघतात, खासगी कंपनीकडे काम दिल्याने फरक पडेल का, हे मुद्दे त्यात मावणे शक्य नव्हते, आणि उजव्या आर्थिक विचाराचे सारे बळ तर याच मुद्द्यांत असते.

३ ऑक्टोबर २०१४ पासून, म्हणजे विविध भारतीच्या वर्धापनदिनापासून, ‘मन की बात’ आकाशवाणीवर सुरू झाले. उजव्या विचारांच्या पक्षाचा नेता दरमहा नभोवाणीवर बोलू लागला आणि या जुन्या माध्यमाची ताकद सर्वांना पुन्हा जाणवली, ही गोष्ट नाकारता येत नाही. तरीही तो पंतप्रधानांचा देशवासीयांशी संवाद आहे, राजकीय भाष्य नव्हे. त्यात प्रतिपक्ष नाही, थेट दूरध्वनीवरून उलटप्रश्न विचारणारा श्रोता नाही, आणि सरकारच्या धोरणावर उजव्या बाजूनेच आक्षेप घेणाऱ्या, करदात्याची बाजू मांडणाऱ्या भाष्यकाराची जागा त्याने भरून निघत नाही. पालखीवाला यांचे महत्त्व होते ते त्यांनी सत्तेबाहेर उभे राहून बोलण्यात.

५ सप्टेंबर २०२३ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने खासगी एफएमला दर तासाला दहा मिनिटे बातम्या व चालू घडामोडी प्रक्षेपित करू द्याव्यात, अशी शिफारस केली. दहा मिनिटांत मुंबई महापालिकेच्या अर्थसंकल्पातले एखादे लेखाशीर्ष नीट उलगडता येईल, विरुद्ध मताच्या माणसाला बोलावता येईल आणि मुलुंडच्या एका श्रोत्याचा दूरध्वनीही घेता येईल. मात्र याच शिफारशीत असेही म्हटले आहे, की या कार्यक्रमांना आकाशवाणीची संहिता लागू व्हावी. आणि त्या संहितेनुसार नाव घेऊन राजकीय पक्षावर हल्ला करता येत नाही, तसेच केंद्र किंवा कोणत्याही राज्याच्या सरकारवर वैरभावाने टीका करता येत नाही. न्यायालयाचा अवमान, हिंसेला चिथावणी आणि धर्मांवरील हल्ला यांना मनाई असणे रास्त आहे. परंतु ज्या पक्षाने कर लावला त्याचे नाव न घेता आणि ज्या सरकारने तो वाढवला त्याच्यावर कठोर न होता कराविषयी बोलायचे असेल, तर ती दहा मिनिटे मिळूनही अंधेरीच्या दुकानदाराची तक्रार रेडिओवर अर्धीच पोहोचेल; म्हणून वेळेच्या परवानगीइतकीच या दोन कलमांची दुरुस्ती आवश्यक आहे.