दूरच्या वाटेची बैठक

जबलपूरच्या गोहलपुर वस्तीतून पहाटे मोटारसायकलवर निघालेला माणूस लखनादौन, सिवनी ओलांडून नागपूरला पोहोचतो, तेव्हा सुमारे पावणेतीनशे किलोमीटरचा रस्ता त्याने मागे टाकलेला असतो. ही वाट मराठी माणसाला नवी नाही. १७९८ मध्ये जबलपूरचा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि दोन्ही शहरांत नाती जुळली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मध्य प्रदेशातून वेगळे झाले, उच्च न्यायालय जबलपूरला आले. सोयरिकी मात्र होत्या तेथेच राहिल्या. आजही लग्न, बारसे, आजारपण अशा निमित्ताने ही वाट तुडवली जाते आणि ज्यांना बसचे वेळापत्रक मानवत नाही, ते दुचाकी काढतात.

रस्ता पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारला आहे. कुरई घाट आणि पेंचच्या जंगलातला एके काळी खड्ड्यांनी भरलेला टप्पा आता वन्यप्राण्यांसाठी खालून वाट सोडलेल्या उन्नत मार्गावरून पार होतो. तरीही सिवनीच्या अलीकडेच स्वार उजवीकडे-डावीकडे सरकू लागतो. कारण बसलेल्या माणसाचे बहुतेक वजन कटीच्या तळाशी असलेल्या दोन हाडांच्या टोकांवर येते. त्यांच्याखालच्या मांसपेशींवर दाब राहिला की रक्तपुरवठा मंदावतो, मुंग्या येतात, मग बधिरपणा. ही केवळ सुखासीनतेची तक्रार नव्हे. ज्याचे चित्त बुडाखालच्या वेदनेकडे लागले आहे, त्याचे समोरच्या ट्रककडे पूर्ण लक्ष राहत नाही.

जुन्या पिढीला हा प्रश्न काहीसा वेगळ्या रीतीने सुटलेला आठवेल. १९५५ पासून मद्रासमध्ये तयार होऊ लागलेल्या बुलेटवर स्प्रिंग लावलेले स्वतंत्र खोगीर अनेकांनी पाहिले आहे. खड्ड्याचा हादरा स्प्रिंगच सोसत असे. पुढे दोघांची एकसंध लांब सीट रूढ झाली आणि सगळी जबाबदारी फोमवर आली. रबराच्या चिकाला फेस आणून त्याची गादी करण्याची कृती १९२९ च्या सुमारास डनलॉपच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाली. पहिला फेस स्वयंपाकघरातल्या घुसळणीने काढला गेला, असे सांगितले जाते. १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर यांनी पॉलियुरेथेनचे रसायन शोधले आणि आज बहुतेक सीटमध्ये त्याचाच फोम असतो. खाली पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची बैठक, मध्ये फोम, वर रेक्झिन, एवढाच हा सारा संसार.

म्हणूनच तो दुरुस्त करता येतो. प्रत्येक मोठ्या शहरात सीट शिवणारे कारागीर असतात. तेथे जाणाऱ्या ग्राहकाची पहिली मागणी बहुधा एकच असते, ‘सीट मऊ करून द्या.’ येथेच पैसा वाया जाण्याचा संभव अधिक. अतिशय मऊ फोम दुकानात बोटाने दाबला की सुखद वाटतो. पण तासाभरात तो दबून तळाला लागतो आणि हाडे थेट बैठकीवर टेकतात. बाजारात ज्याला ३२ किंवा ४० डेन्सिटी म्हणतात, तो आकडा एका घनमीटरमधील फोमचे वजन सांगतो, कडकपणा नव्हे. घनता जास्त असलेला फोम सहसा आकार अधिक काळ टिकवतो. तुकडे चिकटवून केलेला रिबॉन्डेड फोम खाली आधाराला, त्यावर टिकाऊ मध्यम फोम आणि सर्वांत वर पातळ मऊ थर, अशी रचना लांब प्रवासाला मानवते. भर घालण्याइतकेच कोरण्यालाही महत्त्व आहे. पुढे घसरत नेणारा उतार काढला, मांड्यांखाली रुंदी मिळाली आणि मधली शिवण हाडांखालून हलली, तर निम्मे काम तेथेच होते. उंची मात्र जपावी. दोन बोटे वाढलेल्या सीटवरून पाय जमिनीला नीट टेकत नसतील, तर बरगी वळणाच्या कोंडीत गाडी सावरणे कठीण.

जेलचा थर, मेमरी फोम, हवेची उशी अशी नवी साधनेही आली आहेत. मेमरी फोमचा जन्म १९६६ मध्ये नासाच्या संशोधनात झाला. थंडीत तो कडक होतो, उन्हात फार सैल पडतो. जबलपूरच्या मे महिन्यात उघड्यावर उभ्या गाडीवरचा जेल तर चांगलाच तापतो. हवेच्या उशीचे मूळ अधिक हृद्य आहे. चाकाच्या खुर्चीवर दिवस काढणाऱ्यांना दाबामुळे जखमा होऊ नयेत म्हणून अमेरिकेत रॉबर्ट ग्रेबी यांनी १९७० च्या दशकात परस्परांशी जोडलेल्या हवेच्या कप्प्यांची गादी घडवली. तेच तत्त्व पुढे मोटारसायकलवर आले. ती फार फुगवू नये, एवढेच पथ्य.

मागे बसणाऱ्याचा विचार बहुधा शेवटी होतो, वास्तविक तो आधी व्हावा. साडी नेसून एका बाजूला बसलेल्या स्त्रीचे वजन सीटच्या कडेवर येते, त्यामुळे तिच्यासाठी कड गोलाकार आणि भक्कम हवी. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार मागील व्यक्ती घट्ट बसवलेल्या योग्य आसनावरच असली पाहिजे, आणि १९८९ च्या नियमांत हाताची मूठ, पायाचा आधार व कपडे चाकात न जाऊ देणारी जाळी यांचा उल्लेख आहे. सीटचे नवे काम करताना ही मूठ झाकली जात नाही ना, जाळी काढून ठेवली जात नाही ना, हे पाहावे. दोघांची सीट काढून एकाचीच बसवण्यापूर्वी नोंदणीपुस्तकातील आसनसंख्या डोळ्यांखालून घालावी.

सुज्ञ ग्राहक मूळ सीट तशीच ठेवतो आणि जुनी सुटी बैठक मिळवून तिच्यावर नवे काम करवून घेतो. मोजमापासाठी स्वतः गाडीवर बसतो, नेहमीचे बूट घालून. मागे नेहमी बसणारी व्यक्ती बरोबर असेल तर उत्तमच. रेक्झिन ताणून पक्के करण्यापूर्वी कच्च्या फोमवर लखनादौनपर्यंत एक फेरी मारावी. परतल्यावर कारागिराला बोट ठेवून दाखवता येते की टोचते ते नेमके कोठे.