रोजा आणि पेशींची नवलाई

रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये आला की मगरिबच्या अजानेला सातारा-सांगलीच्या दस्तरखानावर खजुरासोबत तासगावची द्राक्षे आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी दिसते. दिवसभर रोजेदाराचे पोट रिकामे असले, तरी शरीराचे काम थांबलेले नसते. आतड्याच्या अस्तरातील बहुतेक पेशी तीन ते पाच दिवसांत झडतात. खालच्या मूळपेशी एकीच्या दोन होत ती जागा भरतात. म्हणजे महिन्याभरात हे अस्तर पाच-सहा वेळा तरी नवे होते. रक्तातील तांबडी पेशी मात्र सुमारे १२० दिवस टिकते.

उपाशी पेशी स्वतःचेच जीर्ण भाग मोडून पुन्हा वापरते. यीस्टमध्ये ही यंत्रणा उलगडणारे जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले. पण त्यावरून रोजा हे औषध ठरत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आजाऱ्याला कुरआननेच सवलत दिली आहे. बरे झाल्यावर सुटलेले रोजे पूर्ण करता येतात.

नवी पेशी घडायला प्रथिने आणि लोह लागते. म्हणून सहेरी चहा-खारीवर भागवू नये. अंडे, डाळ, मोडाची मटकी ताटात असावी. इबादतीसाठी शरीरही धडधाकट हवे.