वय वाढलं की माणूस मोकळा होतो? एका साध्या वाक्यातून संशोधन-प्रश्न कसा काढायचा

‘आता मला लोक काय म्हणतील याचं काही वाटत नाही.’ साठी ओलांडलेल्या बायकांशी निवांत बोलत बसलात तर अशा अर्थाचं काहीतरी कानावर पडतंच. ऐकायला छान वाटतं आणि लगेच विषय सुचतो: ‘वाढतं वय आणि स्व-स्वीकार: भिवंडीतील ज्येष्ठ स्त्रियांचा अभ्यास’. पीएच.डी.च्या मुलाखतीत हा विषय मांडलात, तर समोरून पहिला प्रश्न येईल, ‘हे वयामुळे होतं, हे तुम्हाला कसं कळलं?’

या लेखात त्याच प्रश्नाची तयारी करू.

आधी शब्द सुटे करा

‘मोकळेपणा’ आणि ‘स्वतःला स्वीकारणं’ आपण एका दमात बोलतो. पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मानसशास्त्रज्ञ कॅरल रिफ यांनी १९८९ मध्ये मानसिक स्वास्थ्याचे सहा घटक मांडले: स्व-स्वीकार, इतरांशी चांगले संबंध, स्वायत्तता, परिस्थिती हाताळण्याची क्षमता, जगण्यातला हेतू आणि व्यक्तिगत वाढ. तरुण, मध्यमवयीन आणि वृद्ध गटांची तुलना केल्यावर त्यांना काय दिसलं? स्वायत्तता आणि परिस्थिती हाताळण्याची क्षमता वयाबरोबर वाढलेली होती. हेतू आणि वाढ कमी झालेली होती. आणि स्व-स्वीकारात वयानुसार ठळक फरक नव्हताच!

म्हणजे ‘वय वाढलं की सगळंच छान होतं’ हे गृहीतक पहिल्याच पायरीवर अडखळतं. तुमच्या प्रस्तावात यातला नेमका कोणता घटक मोजणार, हे आधी लिहा.

वय, पिढी आणि काळ

आता आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ ला ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती सुरू केली. साठ ते नव्वद वयाच्या आज्या गुलाबी साडीचा गणवेश घालून, दप्तर घेऊन वर्गात बसल्या. अंगठ्याच्या जागी सही आली. आयुष्यभर ज्यांनी पाटी हातात घेतली नव्हती, त्यांनी सगळ्या गावासमोर बाराखडी गिरवली. याहून मोठा मोकळेपणा कुठला?

पण संशोधक म्हणून थांबा. यामागे तीन कारणं असू शकतात.

एक, वय. मुलं मोठी झाली, सुना आल्या, दुपारचे दोन तास स्वतःचे झाले.

दोन, पिढी. या आज्या लहान असताना मुलींना शाळेत घालायची रीत नव्हती. त्यांची भूक त्या पिढीची आहे. आज चाळिशीत असलेली, दहावी झालेली बाई सत्तरीची होईल तेव्हा तिची भूक वेगळी असेल.

तीन, काळ. २०१६ मध्ये गावात कुणीतरी शाळा उघडली, म्हणून त्या गेल्या. शाळाच नसती तर?

एसटीचं उदाहरण तर आणखी सोपं आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धं तिकीट. समजा २०२४ मध्ये तुम्हाला दिसलं की आज्या पूर्वीपेक्षा जास्त फिरतात, लेकीकडे स्वतःच्या मनाने जातात. हा वयाचा मोकळेपणा की तिकिटाचा?

गंमत अशी की जन्मवर्ष आणि पाहणीचं वर्ष ठरलं की वय आपोआप ठरतं. त्यामुळे हे तीन परिणाम निव्वळ आकडेमोडीने पूर्णपणे वेगळे करता येत नाहीत. एकदाच केलेल्या पाहणीत तर वय आणि पिढी एकमेकांत मिसळलेलीच असतात. त्यासाठी त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जावं लागतं. मुंबईच्या आयआयपीएस या संस्थेने ‘लासी’ ही पाहणी याच कारणासाठी उभी केली. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरच्या सुमारे ७२ हजार लोकांना प्रश्न विचारले गेले. या विषयात उतरायचं असेल तर आधी तिची प्रश्नावली वाचा.

बाहेरचे सिद्धांत इथे चालतील का?

लॉरा कार्स्टेन्सन यांचा सिद्धांत सांगतो की उरलेला वेळ कमी आहे असं वाटलं, की माणूस फाफटपसारा सोडतो आणि जवळच्या माणसांना धरतो. हे फक्त म्हाताऱ्यांचं नाही. १९९८ च्या एका अभ्यासात, आजाराची लक्षणं दिसू लागलेल्या एचआयव्हीबाधित तरुण पुरुषांचा कलही वृद्धांसारखाच आढळला. म्हणजे कारण वय नसून ‘किती वेळ उरलाय’ ही जाणीव असू शकते.

समाधानाचा आलेख मध्यमवयात खाली जाऊन पुन्हा वर येतो, असं ब्लँचफ्लॉवर आणि ऑस्वाल्ड यांनी २००८ मध्ये मांडलं. पण २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्टेप्टो, डीटन आणि स्टोन यांनी दाखवलं की श्रीमंत इंग्रजीभाषक देशांत दिसणारा हा आकार सगळीकडे दिसत नाही. पूर्वीच्या सोव्हिएत देशांत वयाबरोबर समाधान घसरतच जातं. पेन्शन, दवाखाना, जवळचं माणूस यांचा आधार नसेल, तर आलेख आपोआप कसा वर येईल?

भिवंडीत गेल्यावर

इथे दोन अडचणी खास तुमची वाट बघतायत.

पहिली, कोण भेटतं? भिवंडी यंत्रमागाचं गाव. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले बरेच कामगार हातपाय थकले की गावी परततात. त्यामुळे मोहल्ल्यात तुम्हाला भेटणारे वृद्ध म्हणजे ‘इथे राहू शकलेले’ वृद्ध. ज्याला खोली नाही, जो आजारी पडून निघून गेला, तो तुमच्या नमुन्यात नसतोच. मग निष्कर्ष गोड येणारच.

दुसरी, भाषा. एकाच शहरात उर्दू, हिंदी, मराठी, तेलुगू. आजूबाजूच्या गावांत आगरी. ‘मी जशी आहे तशी मला मान्य आहे’ हे विधान वाचून दाखवलंत आणि आजी म्हणाल्या, ‘चालायचंच गं बाई.’ तुम्ही ‘सहमत’वर खूण करणार? ‘चालायचंच’मध्ये शांत स्वीकार असू शकतो, तसाच नाइलाजही. आयुष्यभर कांड्या भरून दुखऱ्या झालेल्या हातांबद्दल ती बोलत असेल, तर तो स्वीकार म्हणून नोंदवणं म्हणजे तिची तक्रार पुसून टाकणं. आणि अशा नोंदींवरून उद्या कुणी म्हणेल, ‘म्हातारी माणसं समाधानी आहेत, वेगळ्या योजनेची गरज काय?’

म्हणून प्रश्नावली छापण्याआधी पाच-सहा जणींना प्रत्येक विधान ऐकवा आणि विचारा, ‘यातून तुम्हाला काय कळलं?’ आणि मोकळेपणा शब्दांत विचारण्यापेक्षा कृतीत विचारा. बँकेचं पासबुक कुणाकडे असतं? डॉक्टरकडे जायचं कोण ठरवतं? मागच्या महिन्यात कुणाला न विचारता कुठे गेलात? पसंत नसलेल्या गोष्टीला शेवटचं ‘नाही’ कधी म्हणालात?

मग प्रश्न कसा लिहायचा?

‘वयामुळे स्त्रिया मोकळ्या होतात का?’ असं लिहू नका. असं लिहून बघा: ‘भिवंडीत किमान वीस वर्षं राहिलेल्या साठीपुढच्या स्त्रियांमध्ये, स्वतःचं उत्पन्न असणाऱ्या आणि नसणाऱ्या स्त्रियांच्या दैनंदिन निर्णयांत काय फरक दिसतो, आणि तो बदल त्या स्वतः कशामुळे झाला असं सांगतात?’

हा प्रश्न छोटा आहे, पण तुमच्या हातात मावणारा आहे. त्यात वयाला फुकटचं श्रेय मिळत नाही, आणि ज्या आजीला साठीनंतरही मोकळीक मिळाली नाही, तिला तुमच्या अभ्यासात जागा राहते.

तुमच्या मनात असंच एखादं ‘सगळ्यांना माहीत असलेलं’ वाक्य असेल, तर आज ते वहीत लिहा आणि त्याखाली तीन रकाने आखा: वय, पिढी, काळ. प्रत्येकात एक तरी कारण लिहा. रकाना रिकामा राहिला, तर वाचन तिथूनच सुरू करा.