ज्यांना मत नाही, त्यांची दाद : शासन, न्यायालय आणि आश्रयार्थी

(प्रार्थनालयाच्या सभागृहात ज्येष्ठ मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



गेली काही वर्षे आपल्या घराघरांत एक वाद चालू आहे. शब्बाथच्या जेवणावर तो निघतो आणि पुष्कळदा जेवण गार होईपर्यंत संपत नाही. क्नेसेटमध्ये जनतेने निवडून दिलेले १२० सभासद बसतात. त्यांनी केलेला कायदा रद्द करण्याचा अधिकार जनतेने न निवडलेल्या १५ न्यायाधीशांना कोणी दिला? प्रश्न रास्त आहे. तो विचारणाऱ्याला देशद्रोही म्हणणे जितके चुकीचे, तितकेच न्यायालयाची बाजू घेणाऱ्याला देशद्रोही म्हणणे चुकीचे. मी कायद्याची पंडित नाही. परिचर्येची पदविका घेऊन आयुष्यभर रुग्णसेवा केलेली बाई आहे. म्हणून हा विषय तत्त्वचर्चेत न मांडता एका प्रकरणाच्या आधारे मांडते. ते प्रकरण म्हणजे एरिट्रिया आणि सुदान येथून आपल्या देशात आलेल्या आश्रयार्थ्यांचे.

प्रथम आपल्या राज्यव्यवस्थेची घडण ध्यानात घ्यावी. भारतात लिखित राज्यघटना आहे, लोकसभेवर राज्यसभा आहे, केंद्रासमोर राज्ये आहेत. इस्राएलमध्ये सभागृह एकच आहे. संपूर्ण लिखित घटना नाही. वेळोवेळी संमत झालेले मूलभूत कायदे तिचे काम करतात. क्नेसेटमध्ये ज्यांचे बहुमत, त्यांचेच मंत्रिमंडळ. म्हणजे कायदा करणारे आणि तो राबवणारे हात बहुधा एकच असतात. त्या हातांवर चालू काळात लक्ष ठेवणारी प्रमुख संस्था म्हणजे सर्वोच्च न्यायालय. तेच न्यायालय शासनाविरुद्धच्या तक्रारी थेट ऐकते, तेव्हा आपण त्याला ‘बगात्झ’ म्हणतो. तेथे दाद मागण्यासाठी नागरिक असावे लागत नाही. हा शेवटचा मुद्दा आजच्या विषयाचे मूळ आहे.

आता ही माणसे कोण होती ते पाहू. एरिट्रिया १९९३ साली स्वतंत्र झाला. तेव्हापासून आजतागायत तेथे एकही राष्ट्रीय निवडणूक झालेली नाही. १९९७ साली राज्यघटना मंजूर झाली, पण ती अमलात आली नाही. तरुणांना सक्तीच्या राष्ट्रसेवेत घेतात आणि तिला अंत नसतो. सुदानातील दार्फूरमध्ये २००३ पासून गावेच्या गावे जाळली गेली. अशा ठिकाणांहून निघालेली माणसे सिनाईच्या वाळवंटातून आपल्या सीमेवर येऊ लागली. वाटेत कित्येकांना टोळ्यांनी पकडून ठेवले, खंडणीसाठी छळले. त्यांच्या अंगावरील व्रणांवर येथील रुग्णालयांत उपचार झाले आहेत. काही वर्षांत सुमारे ६०,००० माणसे आली. एकट्या २०११ मध्ये सुमारे १७,०००. पुढे सीमेवर कुंपण उभे राहिले आणि २०१३ पासून ही संख्या जवळजवळ शून्यावर आली.

आलेल्यांपैकी बहुतेकांना दक्षिण तेल अवीवच्या बसस्थानकाजवळ आणून सोडण्यात आले. तेथील जुने रहिवासी आपल्यासारखेच कष्टकरी लोक होते. एका खोलीत दहा-दहा माणसे राहू लागली, भाडी वाढली, रात्री बाहेर पडण्याची भीती वाटू लागली. शासनाने ओझे टाकले ते नेमके गरीब वस्तीवर. त्या रहिवाशांचा राग खोटा नव्हता, हे मान्य केल्याशिवाय या विषयावर प्रामाणिकपणे बोलता येणार नाही.

शासनासमोर पेच होता. इस्राएलने १९५१ चा आंतरराष्ट्रीय निर्वासित करार स्वीकारलेला आहे, आणि तो घडवण्यात आपल्या प्रतिनिधींचा वाटा होता. जिवाला धोका असलेल्या ठिकाणी माणसाला परत पाठवू नये, हे त्याचे मुख्य सूत्र. त्यामुळे या लोकांना मायदेशी पाठवता येईना. तेव्हा शासनाने १९५४ चा घुसखोरी प्रतिबंधक कायदा हाती घेतला. सीमेपलीकडून येणाऱ्या सशस्त्र हल्लेखोरांसाठी तो मुळात केलेला होता. जानेवारी २०१२ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि सीमा ओलांडून आलेल्याला खटल्याशिवाय तीन वर्षे कोठडीत ठेवण्याची मुभा मिळाली.

सप्टेंबर २०१३ मध्ये नऊ न्यायाधीशांनी ही तरतूद एकमताने रद्द केली. आधार होता १९९२ च्या ‘मानवी प्रतिष्ठा आणि स्वातंत्र्य’ या मूलभूत कायद्याचा. हा कायदा स्वातंत्र्याचे रक्षण करतो ते माणसाचे, केवळ नागरिकाचे नव्हे. भारतीय राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातही ‘व्यक्ती’ असाच शब्द आहे. स्वातंत्र्यावर बंधन घालताच येत नाही, असे हा कायदा म्हणत नाही. हेतू योग्य असावा आणि बंधन गरजेपेक्षा अधिक नसावे, एवढीच त्याची अट आहे.

तीन महिन्यांच्या आत क्नेसेटने नवा कायदा केला. तीन वर्षांऐवजी एक वर्षाची कोठडी, आणि नेगेवच्या वाळवंटात ‘होलोत’ नावाचे केंद्र. त्याला ‘खुले’ म्हटले गेले, पण दिवसातून तीन वेळा हजेरी, रात्री दारे बंद आणि मुक्कामाला मुदत नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने बहुमताने हेही रद्द केले. ८ डिसेंबर २०१४ रोजी क्नेसेटने तिसरा कायदा संमत केला आणि त्याच दिवशी स्वतःचे विसर्जन करून निवडणुकीला सामोरे जाण्याचे ठरवले. या वेळी तीन महिने कोठडी आणि वीस महिने होलोत. ऑगस्ट २०१५ मध्ये न्यायालयाने तीन महिने मान्य केले, होलोतची कल्पनाही मान्य केली, फक्त वीस महिन्यांचा काळ अवाजवी ठरवला. पुढे क्नेसेटने तो बारा महिने केला.

श्रोतेहो, हे आकडे क्रमाने पाहा. नव्याने येणाऱ्यासाठी तीन वर्षे, मग एक वर्ष, मग तीन महिने. कुंपण न्यायालयाने पाडले नाही, सीमा उघडी केली नाही. २०१७ साली तर तिसऱ्या देशात पाठवणी करण्याचे धोरण तत्त्वतः वैधही ठरवले. फक्त जाण्यास नकार देणाऱ्याला अनिश्चित काळ तुरुंगात ठेवून त्याची ‘संमती’ मिळवता येणार नाही, असे सांगितले. शासनाचे हात बांधले गेले, असे म्हणणाऱ्यांनी हा सारा क्रम डोळ्यांपुढे ठेवावा.

आमच्या व्यवसायात एक रीत आहे. मॉर्फिन किंवा इन्सुलिनसारखे औषध देताना एक परिचारिका मात्रा काढते आणि दुसरी ती स्वतंत्रपणे तपासते. दुसरी परिचारिका डॉक्टरची जागा घेत नाही, उपचार बदलत नाही. आकडा चुकीचा दिसला तर थांबवते आणि पुन्हा मोजायला सांगते. पहिलीला ते रुचो वा न रुचो, रुग्णाचा जीव त्यामुळे वाचतो. या प्रकरणात न्यायालयाने केले ते एवढेच. तीनदा थांबवले आणि तीनदा पुन्हा मोजायला सांगितले.

मग कोणी विचारेल, हे तपासण्याचे काम मतदारांनी का करू नये? याचे उत्तर आपल्या स्वतःच्या इतिहासात आहे. १९६२ नंतर मुख्य रब्बींच्या निर्देशांमुळे बेने इस्राएलांच्या विवाहांत वंशाची चौकशी होऊ लागली. आपली माणसे यरुशलायीमच्या रस्त्यावर बसली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व अर्थांनी यहुदी आहेत. तो निर्देश मग बदलावा लागला. आपण ती लढाई न्यायालयाविना, राजकारणाच्या मैदानात जिंकलो. कारण आपण नागरिक होतो, आपल्याला मत होते, आणि पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या शासनाला आपले ऐकणे भाग होते. एरिट्रियाच्या माणसाला हा मार्ग मोकळा नाही. मत नसलेल्याला रस्त्यावर बसता येते, पण उठवणाऱ्याला निवडणुकीचे भय नसते.

मतांचा दबाव किती जबर असतो, याचे उदाहरण एप्रिल २०१८ मध्ये दिसले. २ एप्रिलला पंतप्रधान नेतान्याहू यांनी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाशी झालेला करार जाहीर केला. १६,२५० आश्रयार्थी पाश्चात्त्य देशांत जातील, तितक्यांनाच येथे कायदेशीर दर्जा मिळेल, आणि दक्षिण तेल अवीवची सुधारणा होईल, अशी ती योजना होती. आघाडीतील पक्ष आणि त्यांचे मतदार संतापले. दुसऱ्याच दिवशी करार रद्द झाला. त्यात आश्रयार्थ्यांचे नुकसान झाले आणि दक्षिण तेल अवीवच्या रहिवाशांचेही. हजारो माणसे त्यांच्या वस्तीतून कायदेशीर मार्गाने जाणार होती, ती तेथेच राहिली.

येथे न्यायालयाची मर्यादाही सांगितली पाहिजे. न्यायालय कोठडीचे दार उघडू शकते, पण माणसाला घर देऊ शकत नाही. एप्रिल २०२० मध्ये त्याने आणखी एक कायदा रद्द केला. आश्रयार्थ्यांच्या पगारातून वीस टक्के रक्कम कापून ती देश सोडेपर्यंत अडकवून ठेवणारा तो कायदा होता. कापलेले पैसे परत मिळाले. पण निर्वासिताचा दर्जा देणे हे शासनाचे काम, आणि फारच थोड्यांना तो मिळाला. बाकीचे काही महिन्यांच्या मुदतीच्या कागदावर जगतात आणि मुदत संपली की पुन्हा रांगेत उभे राहतात.

या कागदाचा परिणाम परिचारिकेला रुग्णात दिसतो. १९९५ पासून लागू असलेला राष्ट्रीय आरोग्य विम्याचा कायदा रहिवाशांसाठी आहे; आश्रयार्थी प्रौढ त्यात येत नाही, त्याला कुपत होलिम नाही. १९९६ च्या रुग्णहक्क कायद्याने तातडीचा उपचार मात्र सर्वांना मिळतो. याचा अर्थ असा की मधुमेही माणसाला रोजचे इन्सुलिन आणि नियमित तपासणी मिळणे कठीण, पण तो बेशुद्ध झाला की अतिदक्षता विभागाचे दार उघडे. स्वस्त उपचार नाकारून महाग उपचार करायचा, असा हा हिशेब आहे. तेल अवीव-याफो भागात आरोग्य मंत्रालयाच्या आणि स्वयंसेवकांच्या दवाखान्यांनी ही उणीव काही अंशी भरून काढली. बाळांसाठी ‘टिपत हलाव’ केंद्रे आहेत, तेथे लस टोचताना बाळाच्या आईचा दर्जा विचारला जात नाही. परंतु दवाखाना धोरणाची जागा घेऊ शकत नाही.

शासनाने मनात आणले तर काय होते, तेही या देशाने पाहिले आहे. १९७७ साली समुद्रात भरकटलेल्या व्हिएतनामी निर्वासितांना इस्राएली जहाजाने वाचवले. पंतप्रधान मेनाहेम बेगिन यांनी सत्तेवर येताच त्या ६६ जणांना देशात घेतले. ते काम न्यायालयाच्या आदेशावाचून झाले. कार्यकारी सत्ता वाईट नसते; तिच्याखेरीज कोणालाही आश्रय मिळत नाही. तिच्याजवळ तपासणारे कोणी असावे, एवढेच म्हणणे आहे.

आता आजच्या वादाकडे येते. होलोतच्या निकालांनंतरच न्यायालयाचा निर्णय क्नेसेटने बहुमताने उलटवावा, या मागणीला जोर चढला. २०१९ ते २०२२ या काळात आपण पाच वेळा मतदान केले. त्यानंतर आलेल्या शासनाने जानेवारी २०२३ मध्ये न्यायव्यवस्था बदलण्याची योजना मांडली. त्याच वर्षी २४ जुलैला शासकीय निर्णयांना ‘वाजवीपणाची’ कसोटी लावण्याचा न्यायालयाचा अधिकार काढून घेणारी दुरुस्ती ६४ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाली. विरोधकांनी मतदानावर बहिष्कार टाकला होता. १ जानेवारी २०२४ रोजी न्यायालयाने ती आठ विरुद्ध सात अशा फरकाने रद्द केली. भारतातून आलेल्यांना १९७३ चा केशवानंद भारती खटला आठवेल. तेथेही सात विरुद्ध सहा असेच निसटते बहुमत होते. मार्च २०२५ मध्ये न्यायाधीश निवड समितीची रचना बदलणारा कायदा झाला. तो पुढील क्नेसेटपासून लागू व्हायचा आहे. म्हणून निवडणुकीतील आपले मत न्यायालयाच्या स्वरूपालाही लागू पडते.

मत कोणाला द्यावे, हे मी सांगणार नाही. प्रत्येकाने दारी येणाऱ्या उमेदवाराला दोन प्रश्न विचारावेत, एवढीच विनंती. पहिला : तुमच्याकडे ६१ मते असतील आणि तुम्ही चुकाल, तेव्हा तुम्हाला थांबवून पुन्हा मोजायला कोण सांगेल? दुसरा : येथे राहिलेल्या आश्रयार्थ्यांचे अर्ज तुम्ही किती दिवसांत निकाली काढाल, आणि दक्षिण तेल अवीवच्या रहिवाशांचे ओझे कोणकोणत्या शहरांत वाटाल? पहिल्याचे उत्तर ‘कोणीही नाही’ असे आले, तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. आज ज्याला मत नाही त्याच्यावर हा प्रयोग होतो. उद्या ज्याची मते थोडी आहेत, त्याची पाळी येते. आपली मते या देशात कधीच फार नव्हती.