घारीएवढे घुबड

पालघर म्हटले की मुंबईकरांना डहाणूची लोकल आठवते, बोईसर म्हटले की कारखाने, आणि तारापूर म्हटले की १९६९ साली सुरू झालेले अणुवीजकेंद्र. परंतु पालघरहून मनोरकडे निघालात, की वाघोबाच्या खिंडीवर काळदुर्गाचा चौकोनी कातळ दिसतो. अशा कडेकपारी, घळी, झुडपी माळ हेच शृंगी घुबडाला मानवणारे ठिकाण! दाट अरण्य त्याला फारसे रुचत नाही.

आकाराने ते घारीएवढे, सुमारे ५५ सेंटिमीटर. अंगावर पिंगट-काळ्या रेघोट्या, डोळे निखाऱ्यासारखे नारिंगी आणि डोक्यावर दोन शिंगे. ती शिंगे म्हणजे निव्वळ पिसांचे तुरे. खरे कान बाजूला पिसांखाली दडलेले असतात. नदीकाठचे मत्स्य घुबड असेच थोराड दिसते. पण त्याचे डोळे पिवळे नि पाय उघडे, तर याच्या पायांना बोटांपर्यंत पिसांचे पायमोजे.

सांजावले की हे कातळावर येऊन ‘बूऽ... बोऽऽ’ असा घुमारा घालते. आपल्याकडे समजूत अशी की, घुबडाला दगड मारला तर ते तो झेलते, पाण्यात नेऊन झिजवते, आणि दगडाबरोबर मारणाराही झिजत जातो. भाबडी खरी, पण या समजुतीने कित्येक घुबडांचे प्राण वाचवले असतील!

त्याचे मुख्य खाद्य उंदीर-घुशी. वाड्याच्या कोलम तांदळावर प्रेम करणाऱ्या गृहिणींनी हे ध्यानात घ्यावे. मऊ पिसांमुळे त्याचे उडणे ऐकू येत नाही, आणि उंदराला कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

लक्ष्मीचे वाहन म्हणून याचे नाव घ्यायचे आणि लक्ष्मीपूजनाच्याच अमावास्येला मांत्रिकांच्या नादाने त्याचा बळी द्यायचा, हा उफराटा न्याय आजही देशात चालतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. पुण्याच्या इला फाउंडेशनने २०१८ साली पुरंदर तालुक्यातील पिंगोरी गावी घुबडांचा महोत्सव भरवला, तो ही भीती घालवण्यासाठीच.

दिवाळी सरता सरता त्यांचा विणीचा हंगाम येतो. घरटे असे नसतेच; कपारीतल्या उघड्या मातीवर तीन-चार पांढरी अंडी. मादी ती सुमारे ३३ दिवस उबवते, पिल्ले पुढे कित्येक महिने आईबापांवर विसंबून असतात. अमावास्येच्या रात्री जी मादी पिशवीत जाते, तिची कपार त्या हंगामात रिकामीच राहते.