सह्याद्रीतून हिमालयात – ४ : मुक्काम मोजून चढा

गेल्या आठवड्यात मोसम कसा निवडायचा ते पाहिलं. आज उंचीबद्दल. सह्याद्रीत तयार झालेला गडी हिमालयात अडतो तो बहुधा इथंच.

आपल्याकडचा सर्वांत उंच माथा कळसूबाईचा, १६४६ मीटर. हर की दून आणि केदारकांठा या दोन्ही ट्रेकची सुरुवात ज्या सांकरी गावातून होते, ते उत्तरकाशी जिल्ह्यातलं गावच सुमारे १९५० मीटरवर आहे. अलंग-मदन-कुलंगचे कातळटप्पे, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट यांनी घडवलेले पाय आणि तोल तिथंही कामाला येतात. पण विरळ हवेची सवय आपल्या कुठल्याही गडावर होत नाही, कारण तेवढा उंच गडच आपल्याकडे नाही.

वर गेल्यावर हवेतल्या प्राणवायूचं प्रमाण घटत नाही, ते सुमारे २१ टक्केच राहतं. घटतो तो हवेचा दाब, आणि त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू. साडेतीन हजार मीटरवर दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश उरतो, साडेपाच हजारांवर निम्मा. शरीर याच्याशी जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात. कुणाला किती, हे आधी सांगता येत नाही. रोजच्या व्यायामानं दम वाढतो, उंचीच्या त्रासापासून संरक्षण मिळत नाही. उलट तंदुरुस्त माणूस भराभर चढतो आणि म्हणूनच अडचणीत येऊ शकतो.

गिर्यारोहणातला नियम साधा आहे: ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त उंचावू नये आणि तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर एक रात्र जास्तीची काढावी. इथं महत्त्व झोपायच्या जागेला आहे. दिवसा वर जाऊन रात्री खाली उतरलात तर चालतं, किंबहुना ते चांगलंच.

म्हणूनच पहिल्या ट्रेकसाठी मी केदारकांठ्याऐवजी हर की दून सुचवतो. हिवाळ्यातल्या केदारकांठ्याचे फोटो पाहून आपली मुलं तिकडं धावतात. तिथं पहाटेच्या अंधारात सुमारे ३८०० मीटरचा माथा गाठायचा असतो, म्हणजे नवख्याला उंची, बर्फ आणि कडाका एकाच वेळी झेलावा लागतो. हर की दूनची वाट सुपिन नदीच्या खोऱ्यातून तालुका, गंगाड, ओसला अशी गावं घेत हळूहळू चढते. देवदाराची लाकडी घरं, शेतं, खच्चरांची वर्दळ, सगळं बघत चालता येतं. पुढं कलकत्तियाधारला सुमारे ३००० मीटरवर तंबू टाकावा, साडेतीन हजारांवरच्या दूनमध्ये दिवसा जाऊन यावं आणि झोपायला खालीच उतरावं. पांडव जिथून स्वर्गाला गेले असं मानतात, ते स्वर्गारोहिणी शिखर दूनमधून समोर दिसतं.

आता सर्वांत कळकळीची गोष्ट. डोकं दुखत असेल आणि जोडीला मळमळ, गरगरणं, अन्नावरची वासना जाणं किंवा गळून गेल्यासारखं वाटणं असेल, तर ती उंची लागल्याची खूण समजा. बरं वाटेपर्यंत एक पाऊलही वर टाकू नका. त्रास वाढला तर उतरा. बसल्या जागी धाप लागणं, चालताना झोकांड्या जाणं, बोलणं असंबद्ध होणं ही फुप्फुसात पाणी साचल्याची किंवा मेंदूला सूज आल्याची लक्षणं असू शकतात. मग सकाळची वाट पाहायची नाही, सोबत घेऊन तत्काळ खाली निघायचं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी घ्यायची की नाही हे घरून निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. दारू आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य.

आपल्यामुळे ग्रुप अडकेल या संकोचानं अनेकजण दुखणं लपवतात. कृपा करून असं करू नका, त्याच संध्याकाळी लीडरला सांगा.

पुढच्या आठवड्यात बर्फ वितळून दुपारी फुगणारे ओढे कसे ओलांडायचे ते पाहू. तोवर तुमच्या ट्रेकचा कार्यक्रम काढा, प्रत्येक मुक्कामापुढे उंची लिहा, आणि ३००० मीटरच्या वर दोन रात्रींत ५०० हून जास्त फरक दिसला तर पैसे भरण्याआधी संयोजकांकडे एक मुक्काम वाढवून मागा.