मोटारसायकल : एंजिनाचा वेग व गिअरची निवड

मोटारसायकलचा वेग आणि तिच्या एंजिनाचा वेग या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिला ताशी किमी. मध्ये, तर दुसरा भुजादंडाच्या दर मिनिटास होणाऱ्या फेऱ्यांत (फे./मि.) मोजतात. या दोहोंचे परस्परप्रमाण गिअरमुळे ठरते. गाडीचा वेग तोच असता खालच्या गिअरमध्ये एंजिन अधिक फेरे घेते व वरच्या गिअरमध्ये कमी. त्यामुळे एंजिनाचा वेग किती ठेवावयाचा हे चालकाच्या हाती असते. एंजिनाचे आयुष्य, इंधनाचा खर्च आणि घाटातील सुरक्षितता या तिन्ही गोष्टी या निवडीवर अवलंबून असतात.

परिबल व शक्ती : इंधनाच्या ज्वलनाने दट्ट्यावर पडणारा दाब भुजादंडाला जो पीळ देतो, त्याला पीडन परिबल किंवा व्यवहारात टॉर्क म्हणतात. परिबल व फेरे यांच्या गुणाकारावरून शक्ती मिळते. २०२१ मध्ये नव्या एंजिनासह आलेल्या रॉयल एन्फील्ड क्लासिक ३५० या गाडीचे कमाल परिबल ४,००० फे./मि. ला २७ न्यूटन-मीटर, तर कमाल शक्ती ६,१०० फे./मि. ला २०·२ अश्वशक्ती आहे. हिशेब केल्यास ४,००० फे./मि. ला शक्ती सु. १५ अश्वशक्ती भरते, ६,१०० फे./मि. ला शक्ती वाढते, पण परिबल सु. २३·५ न्यूटन-मीटरपर्यंत उतरलेले असते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. कमाल परिबलाच्या वरच्या वेगाने एंजिन चालत असताना चढ लागून फेरे कमी झाले, तर परिबल आपोआप वाढते व एंजिन भार सावरून धरते. याउलट फारच कमी वेगाने चालणाऱ्या एंजिनाचे फेरे आणखी घटले की परिबलही घटते व एंजिन बंद पडू लागते. म्हणून चढाचा जोर लागण्यापूर्वीच खालचा गिअर घेणे योग्य ठरते. गाडी अडखळू लागल्यावर घेतलेला गिअर बहुधा उशिराचा असतो.

कमी वेगाचे दोष : चार-धावी एक-सिलिंडर एंजिनात भुजादंडाच्या दोन फेऱ्यांमागे एकदाच शक्तिधाव होते. १,५०० फे./मि. ला मिनिटात अशा ७५० धावा होतात व दोन धावांमधील काळात केवळ प्रचक्र भुजादंडाला फिरते ठेवते. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटरची मूठ पूर्ण पिळल्यास प्रत्येक धावेचा हिसका साखळीला व दंतचक्रांना बसतो. सिलिंडरातील मिश्रण उच्च दाबाखाली अधिक काळ राहिल्याने त्याचा काही भाग अकाली भडकून ठोके ऐकू येतात. चढावर गाडीचा वेग कमी असल्याने हवेने थंड होणारे एंजिन अधिक तापते. कमी फेऱ्यांनी एंजिनाला आराम मिळतो, हा समज भार जास्त असताना खरा नसतो.

अतिवेगाचे दोष : दट्ट्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा थांबून उलटतो. त्यामुळे संयोगदांड्यावर येणारी जडत्वाची प्रेरणा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फेरे दुप्पट झाले तर ती चौपट होते. उपरोक्त एन्फील्डच्या दट्ट्याची धाव ८५·८ मिमी., तर १९८५ मध्ये आलेल्या हीरो होंडा सीडी १०० या गाडीच्या दट्ट्याची ४९·५ मिमी. आहे. ४,००० फे./मि. ला पहिल्याचा सरासरी वेग सेकंदाला सु. ११·४ मी., तर दुसऱ्याचा केवळ ६·६ मी. असतो. साहजिकच लहान एंजिनाला जो वेग सहज पेलतो, तो मोठ्या धावेच्या एंजिनाला जड जातो. सर्व गाड्यांना लागू पडेल असा एकच आकडा सांगता येत नाही.

सपाट रस्ता : भार कमी असताना मात्र वरचा गिअर श्रेयस्कर होय. कमी फेऱ्यांमुळे घर्षण कमी होते व मूठ थोडी अधिक उघडी राहिल्याने हवा आत ओढण्यात वाया जाणारी शक्ती वाचते. परिणामी इंधन कमी लागते.

उतार : मूठ सोडून गाडी गिअरमध्ये ठेवल्यास चाकच एंजिनाला फिरवते व गाडीला अवरोध होतो. खालच्या गिअरमध्ये हा अवरोध अधिक असतो. वरंध वा आंबोलीसारख्या घाटांत केवळ ब्रेकवर भिस्त ठेवल्यास ते तापून त्यांची पकड ढिली पडते. एंजिन बंद करून वा न्यूट्रलमध्ये उतरणे म्हणजे हा आधार सोडून देणे होय. मात्र वेग कमी न करता एकदम फार खालचा गिअर घेतल्यास मागचे चाक घसरते, विशेषतः पावसाळ्यात. एंजिनही मर्यादेबाहेर फिरते. काही गाड्यांतील फेरे-मर्यादक ठिणगी किंवा इंधन तोडतो; पण चाकाने फिरविलेल्या एंजिनाला तो रोखू शकत नाही. १९८५–९६ या काळात भारतात बनलेल्या यामाहा आरएक्स १०० सारख्या दोन-धावी गाड्यांत वंगणाचा पुरवठा मुठीवर अवलंबून असल्याने लांब उतारावर ती अधूनमधून थोडी उघडावी लागते, अन्यथा दट्ट्या अडकण्याचा धोका संभवतो.

पारख : अनेक गाड्यांवर फेरे दर्शविणारा मापक नसतो, तेव्हा आवाज व प्रतिसाद यांवरून निर्णय करतात. मूठ किंचित उघडताच गाडीने वेग घेतला, तर गिअर योग्य होय. मूठ पिळूनही वेग न वाढता धडधड वाढली, तर खालचा गिअर घ्यावा. एंजिनाचा आवाज चढा असून मूठ बरीच मिटलेली असतानाही वेग टिकत असेल, तर वरचा गिअर घ्यावा. थोडक्यात, पुढील चढासाठी शक्तीचा काही साठा शिल्लक ठेवणारा सर्वांत कमी वेग हाच एंजिनाचा योग्य वेग होय.